डावीकडची खुर्ची

फेलोशिपच्या मुलाखतीला आलेल्या प्रत्येक उमेदवाराला सर एकच प्रश्न विचारत. "तुले कोण सहन होत नाही?"

उमेदवार गोंधळत. ते पीएच.डी. झालेले, परवाना मिळालेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असत आणि आपल्या प्रबंधावर प्रश्न येतील या तयारीने नागपूरला आलेले असत. काही जण म्हणत, "सगळे सहन होतात, सर." त्यांची निवड होत नसे. काही जण थोडा वेळ घेऊन खरं सांगत. ज्याला जी माणसं सहन होत नसत, त्याला तीच वर्षभर दिली जात.

नागपूरच्या सदर भागातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात सरांचा मानसशास्त्र विभाग होता. पीएच.डी.नंतर एका वर्षाची फेलोशिप, एका शाखेत, देखरेखीखाली. मेंदूचे आजार आणि वृद्ध, लहान मुलं, व्यसन, कोर्टाकडून तपासणीला येणारी माणसं, अशा शाखा होत्या. अर्जात पसंतीची शाखा लिहायला जागा होती. सर ती वाचत नसत. आवडीची शाखा माणूस कुठेही शिकतो, त्यासाठी पगार देऊन इथे आणायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला मुलांमध्ये काम करायचं होतं. मुलाखतीत मी म्हणाले, "एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारी माणसं मला सहन होत नाहीत."

"बरं," कारण विचारून झाल्यावर सर म्हणाले. "मंग म्हाताऱ्यायच्या ओपीडीत बस. तिथं दुसरी गोष्टच नाही."

माझ्याबरोबर निवडला गेलेला सुमेध नागपूरचाच. त्याला मेंदूच्या शाखेत यायचं होतं, त्याचा प्रबंधही त्याच विषयावर होता. त्याने सांगितलं की रडणारी लहान मुलं पाहिली की त्याला खोलीतून पळून जावंसं वाटतं. सर खूश झाले. सुमेधला मुलांची शाखा मिळाली. पहिले काही महिने तो शर्टावर दूध, शेंबूड आणि खडूचे डाग घेऊन फिरत असे. भेटला की म्हणे, "सांग ना मॅडम, माह्यं काय चुकलं? खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं."

ही पद्धत निर्दोष नव्हती. आमच्या काही वर्षं आधी एका मुलीने "दारू पिणारी माणसं" असं उत्तर दिलं होतं. तिला व्यसनाची शाखा देण्यात आली आणि ती आठवडाभरात सोडून गेली. कारण तिच्या घरात होतं. सरांनी ही गोष्ट लपवली नाही. प्रत्येक नव्या तुकडीला ते स्वतः सांगत, "ते माह्यं चुकलं. इचारायले पाह्यजे होतं." त्यानंतर मुलाखतीत दुसरा प्रश्न आला. पहिल्याचं उत्तर मिळालं की सर कारण विचारत, "काहून?"

सर बुटके होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात कायम चपला. वडील नागपूरच्या महाल भागात हातमागावर विणत. घरातलं विणकाम सरांच्या शाळेच्या वयातच बंद झालं, पण सवयी राहिल्या. खोलीत कोणी आलं की सर चेहऱ्याआधी कपड्यांकडे पाहत. बटण चुकलंय का, एकच बाही दुमडलीय का, साडीच्या निऱ्या नेहमीसारख्या आहेत का की दुसऱ्या कोणी नेसवलीय. हे सगळं माणूस खुर्चीपर्यंत पोचायच्या आत झालेलं असे. मग ते म्हणत, "बसा," आणि जणू आत्ताच पाहिलं अशा नजरेने वर बघत.

सुपरव्हिजन, म्हणजे आमच्या रुग्णांवरची चर्चा, त्यांच्या खोलीत होई आणि त्या वेळी कूलर चालू असे. उन्हाळ्यात याचं कोणाला काही वाटत नव्हतं. पण डिसेंबर-जानेवारीतही सर त्यातलं पाणी काढून नुसता पंखा चालू ठेवत, कारण भिंती प्लायवूडच्या होत्या आणि बाहेर बाकावर रुग्णांचे नातेवाईक बसलेले असत. कूलरच्या आवाजामुळे बाहेर काही ऐकू जात नसे. आतही फारसं येत नसे. आम्ही स्वेटर घालून, मफलर गुंडाळून, एकमेकांच्या कानाशी ओरडत रुग्णांबद्दल बोलत असू. हॉस्पिटलच्या अधीक्षक मॅडमनी खोलीला नीट भिंती घालून देण्याची तयारी दाखवली होती. सर म्हणाले, भिंती घातल्या की लोक निष्काळजी होतात.

रिपोर्टबद्दल त्यांचे दोन नियम होते. पहिला, रिपोर्टचं पहिलं वाक्य त्या माणसाला काय येतं याचं असलं पाहिजे. काय येत नाही ते दुसऱ्या वाक्यापासून. सुमेधने एकदा एका मतिमंद मुलाच्या रिपोर्टात पहिलं वाक्य लिहिलं, "हा मुलगा सहकार्य करतो." सरांनी कागद परत दिला. "सहकार्य म्हणजे? तुह्या कामात अडचण नाही आणली, हे त्याले येते? त्याले काय येते ते लिही." सुमेध परत जाऊन त्या मुलाबरोबर एक दुपार बसला. मग वाक्य आलं, "हा मुलगा घरातल्या प्रत्येकाची चप्पल ओळखतो आणि कोण घरी आहे ते त्यावरून सांगतो."

दुसरा नियम असा की फेलोने सही केलेला रिपोर्ट सर बदलत नसत. पटला नाही तरी नाही. ते प्रश्न विचारत. प्रश्न इतके विचारत की बहुतेक वेळा आपणच रिपोर्ट उचलून पुन्हा लिहायला बसावं. पण पेन त्यांच्या हातात कधी येत नसे. एका रुग्णाच्या घरचे लोक भांडायला आले, "साहेब, तुम्ही मोठे, हे बदलून द्या," म्हणाले. सरांना स्वतःलाही तो रिपोर्ट मान्य नव्हता, हे आम्हाला माहीत होतं. ते म्हणाले, "ज्यानं तुमच्या माणसाले पाह्यलं, त्यानं लिवलं. मी पाह्यलं नाही."

स्पेशालिस्ट हा शब्द ते शिवी दिल्यासारखा वापरत. स्पेशालिस्ट म्हणजे घरातल्या एका खोलीत बसून बाकीच्या खोल्यांची दारं लावून घेतलेला माणूस, अशी त्यांची व्याख्या होती. मग तुम्ही स्पेशालिस्ट तयार करायचा विभाग का चालवता, असं एका पाहुण्या प्राध्यापकाने विचारलं. सर म्हणाले, "कोणतं दार लावून राहिलो ते समजून तरी लावावं."

दुसऱ्याकडून शिकायला त्यांना आवडत नसे असं नाही, पण कोणी चूक दाखवली की ते मनाला लागे. वस्तूंची चित्रं दाखवून नावं विचारायची एक परदेशी चाचणी आमच्याकडे होती. त्यात बर्फाचं घर होतं, वीणेसारखं एक भलंमोठं वाद्य होतं. सरांनी ती कपाटात टाकली. "सुमेध, तुह्या आजीनं बर्फाचं घर पाह्यलं काय गा कधी?" मग आम्ही आमची चित्रं काढून घेतली. सूप, खलबत्ता, पाटा, कुलपाची कडी. सरांनी स्वतःच्या आग्रहाने मागाचा धोटा घातला, आडवा धागा ओढून नेणारा तो लाकडी तुकडा. काही आठवड्यांनी सुमेध म्हणाला, "सर, धोट्याचं चित्र काढून टाकू. सगळेच त्याच्यावर अडकून राहिले. मलेही माहीत नव्हतं ते काय आहे." सरांनी ते कार्ड घेतलं, पाहिलं, खिशात घातलं. त्या दिवशी ते आमच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या जागी कुकरच्या शिट्टीचं चित्र होतं.

माझी फेलोशिप अर्धी झाली होती तेव्हा सरांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला. झटका लहान होता. डावा हात काही दिवस लुळा होता, तो फिजिओथेरपीने सुधारला. बोलणं, स्मरण, विनोद, सगळं जागच्या जागी होतं. हॉस्पिटलात पलंगावर असतानाच त्यांनी मला विचारलं, "तुह्या त्या मास्तरबाईनं पोरीले ओळखलं काय?" ही माझी एक रुग्ण होती आणि मी स्वतः तिला त्या गडबडीत विसरले होते.

दोन-अडीच महिन्यांनी ते कामावर यायचं म्हणू लागले. अधीक्षक मॅडमनी अट घातली की शिकवायला हरकत नाही, पण रुग्ण पाहायचे तर आधी तपासणी हवी. ती आपल्या विभागात करता येणार नव्हती, कारण विभागातले सगळे सरांच्याच हाताखालचे. बाहेरगावाहून एक तज्ज्ञ बोलावले गेले. त्यांनी दिवसभर सरांची तपासणी केली.

मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की काही माणसांच्या बाबतीत एक विशिष्ट गोष्ट होते. डोळे शाबूत असतात, पण डाव्या बाजूचं जग लक्षात येत नाही. माणूस ताटातला उजवा अर्धा भाग जेवतो आणि म्हणतो, आज वाढलं कमी. उजव्या गालाची दाढी करतो. आणि आपल्याला काही होतंय हे त्याला मान्य नसतं, कारण जे त्याच्या लेखी नाहीच, ते कमी झालं हे कळणार कसं? याची चाचणी सोपी आहे. कागदावर विखुरलेल्या रेघा असतात, प्रत्येक रेघेवर काट मारायची. आजार असेल तर डावीकडच्या रेघा तशाच राहतात.

सर ही चाचणी तीसेक वर्षं घेत आले होते. ती कशासाठी असते हे त्यांना माहीत होतं. कागद समोर येताच त्यांनी मान वळवून डावी कड शोधली आणि तिथून सुरुवात केली. एकही रेघ सुटली नाही. बाकीच्या चाचण्यांचंही तेच झालं. शब्दांच्या याद्या त्यांना पाठ होत्या, आकृत्या त्यांनीच फेलोंना शिकवल्या होत्या. तज्ज्ञ गृहस्थ प्रामाणिक होते. सराव असल्याने निष्कर्ष जपून वाचावेत, असं त्यांनी खाली लिहिलं. वर लिहिलं, काम करण्यास योग्य.

सोमवारी सर ओपीडीत बसले.

त्यांच्या खोलीत कॅमेरा होता. शिकवण्यासाठी, रुग्णाची परवानगी घेऊन, मुलाखती रेकॉर्ड होत. कॅमेरा सरांच्या मागे भिंतीवर, त्यांच्या डोक्याच्या थोडा वर होता, म्हणजे पडद्यावर सरांना दिसतं तेच दिसे. शेजारच्या खोलीत मी आणि सुमेध पाहत होतो. भिवापूरचे एक गृहस्थ आले होते. मिरचीचा व्यापार, साठीच्या आसपास वय. बरोबर बायको. परवानगी दोघांनीही दिली होती. ते उजवीकडच्या खुर्चीत बसले, बाई डावीकडच्या.

"काय त्रास होऊन राहिला?" सरांनी विचारलं.

"मले? मले काहीच नाही. घरचे म्हणते."

"घरी कोण कोण हाये?"

"हे काय, बसली ना," ते बायकोकडे हात करून म्हणाले.

सरांनी त्या हाताकडे पाहून मान हलवली. "अन् यंदा मिरची कशी हाये?"

तिथून ती मुलाखत अप्रतिम झाली. सुमेध वही काढून लिहू लागला. मिरचीच्या भावावरून सर हिशोबावर आले, हिशोबावरून तारखांवर, तारखांवरून आठवणीवर. चाचणी चालू आहे हे त्या माणसाला कळलंही नाही. तो हसत होता. पाच मिनिटांनी तो मधेच उठून टेबलावरचा पेपरवेट खिशात घालायला निघाला, तेव्हा सर म्हणाले, "ठेवा भाऊ, तो दवाखान्याचा हाये," आणि त्याने मुकाट ठेवला.

बाई एक शब्द बोलल्या नाहीत. नवरा मिरचीबद्दल बोलण्यात रंगला असताना त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग डावा हात मांडीवर घेतला आणि ब्लाउजची बाही वर सरकवली. दंडावर काळे-निळे वळ होते. काही जुने, काही ताजे. त्यांनी तो हात सरांच्या दिशेने थोडा पुढे धरला. सरांनी तोंड वळवलं. दिशा बाईंची होती. मग पुन्हा नवऱ्याकडे वळून विचारलं, "आज वार कोणता गा, भाऊ?"

बाईंनी थोडा वेळ हात तसाच धरला. मग बाही खाली ओढली.

सुमेधचं लिहिणं थांबलं होतं. "त्यायनं पाह्यलं ना?" तो म्हणाला.

"नाही," मी म्हणाले.

मुलाखत संपली तशी मी बाहेर गेले आणि वजन करायचं आहे असं सांगून बाईंना बाजूच्या खोलीत नेलं. दार लावून हाताबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमाले कोणं सांगतलं?"

"आम्ही पाहत होतो. कॅमेऱ्यात."

"रात्री मारते. आधी कधी बोटही नाही लावलं वं बाई. आता ओळखतच नाही, घरात कोण घुसली म्हणते, अन् मारते. त्याच्यासमोर कशी सांगू? म्हणून सायबाले हात दाखवला. त्यायनं माह्याकडं तोंडही केलं. पाह्यलं, अन् काहीच म्हणलं नाही. मंग मले वाटलं, या बिमारीत असंच असते. आपलंच घरचं हाये, सोसा."

मी त्यांच्या भावाचा नंबर मागितला. भाऊ उमरेडला होता. अधीक्षक मॅडम स्वतः त्याच्याशी बोलल्या आणि तो त्याच संध्याकाळी भिवापूरला राहायला गेला. न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांनी औषधं बदलून दिली. एवढं त्याच दिवशी मार्गी लागलं.

राहिलं ते सरांचं. मी थेट अधीक्षकांना सांगू शकत होते. माझ्या प्रमाणपत्रावर सरांची सही व्हायची होती, पण त्याहून अवघड गोष्ट वेगळी होती. रुग्ण पाहणं बंद झालं तर त्यांच्याकडे दुसरं काय आहे, हे विभागात कोणालाच माहीत नव्हतं. आणि सरांना विचारलं तर ते प्रामाणिकपणे सांगणार की मला काहीही झालेलं नाही. आधीच सावध केलं तर त्या रेघांच्या चाचणीसारखी मान वळवून डावी कड शोधणार. मी सुमेधशी बोलले. आम्ही ठरवलं की काही न सांगता, नेहमीसारखं, रेकॉर्डिंग दाखवायचं.

दुसऱ्या दिवशी सुपरव्हिजनच्या वेळी मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. "सर, कालची मुलाखत पाहायची आहे. शिकण्यासारखी आहे."

"माह्यीच?" ते म्हणाले, पण खूश झाले. दोन महिने घरी बसून काढलेला माणूस.

त्यांनी पूर्ण मुलाखत पाहिली. मधेमधे थांबवून आम्हाला दाखवलं. इथे मी प्रश्न बदलला, का बदलला सांगा. इथे त्याला चूक करू दिली, टोकलं नाही. पेपरवेटच्या जागी ते हसले. बाई बाही वर करत होत्या तेव्हा सर सुमेधला सांगत होते की वार विचारायची योग्य वेळ कोणती.

"झालं," ते म्हणाले. "चांगली झाली. काहून, तुमाले काही वेगळं वाटलं काय?"

"त्यांच्या बायकोबद्दल काय वाटलं, सर?" मी विचारलं.

"बायको कुठं होती? एकटाच तर आला होता गा तो." मग त्यांनी आमच्या तोंडाकडे पाहिलं. "नाही, आली असन. बाहेर बसली असन. बायाबापड्या बाहेर बसते ना बाकावर."

ते खोटं बोलत नव्हते. मेंदू रिकामी जागा जवळच्या सोयीच्या गोष्टीने भरतो. हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

सुमेधने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, चित्र आडवं उलटं करायची सोय असते ती वापरली, आणि परत सरांसमोर सरकवला. आता आरशात पाहिल्यासारखं डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे झालं होतं. आवाज तोच होता. काय त्रास होऊन राहिला. मले काहीच नाही.

सर पडद्याकडे पाहत राहिले. उजवीकडे आता एक बाई बसल्या होत्या. जांभळं लुगडं, हातात कापडी पिशवी. सरांची नजर आधी कपड्यांवर गेली, मग चेहऱ्यावर गेली आणि तिथेच राहिली. त्यांनी एकदाही थांबवलं नाही. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हात मांडीवर घेतला. बाही वर केली.

सरांनी स्वतः बटण दाबून चित्र थांबवलं.

"मले दाखवून राहिली," ते म्हणाले.

"हो."

"अन् मी?"

"तुम्ही वार विचारत होतात."

कूलर घुर्र करत होता. सर म्हणाले, "ते बाई काही बोलली काय? नंतर?"

मी बाई जे बोलल्या ते सांगितलं. शब्द बदलले नाहीत. साहेबांनी पाहिलं आणि काहीच म्हटलं नाही, म्हणून वाटलं की असंच असतं.

सरांनी डावा हात उचलून टेबलावर आणला आणि त्याच्याकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

"रिपोर्ट लिही," ते मला म्हणाले.

"सर, मी तुमचा रिपोर्ट कसा लिहू?"

"पाह्यलं कोणं? मी तर नाही पाह्यलं." मग पुढे म्हणाले, "ते बाहेरचे आले होते ना, त्यायचं काही चुकलं नाही. मी फसवलं त्यायले. मलेही माहीत नव्हतं फसवून राहिलो ते."

मी रिपोर्ट लिहिला. पहिलं वाक्य जुळवायला मला एक रात्र लागली. अधीक्षकांना तो देण्याआधी मी सरांना दाखवला. त्यांनी वाचला, एकही प्रश्न विचारला नाही, परत दिला. त्यानंतर सरांनी रुग्ण पाहिले नाहीत. शिकवणं चालू राहिलं. आम्ही त्यांच्या उजवीकडे बसायला शिकलो, आणि काही दिवसांनी त्यांनी सांगितलं की नाही, डावीकडे बसत जा, मला वळायची सवय लागू दे.

पुढच्या आठवड्यात भिवापूरची माणसं पुन्हा आली. बरोबर बाईंचा भाऊ होता. औषधांनी रात्री थोड्या शांत झाल्या होत्या, आणि आता घरात रात्री दुसरं माणूस असे. नवरा आणि भाऊ बाहेर बसले. आत मी आणि बाई. सरांनी सकाळीच विचारलं होतं की मी पाच मिनिटं आत येऊ का. हा प्रश्न त्यांनी त्यांच्याच खोलीबद्दल मला विचारला होता. मी बाईंची खुर्ची उजवीकडे ठेवली होती.

सर आले आणि बसले.

"बाई," ते म्हणाले, "मागच्या खेपेले तुमी मले हात दाखवला. तो मले दिसला नाही."

"काहून दिसला नाही? तुमी तर पाहून राहिले होते."

"डोळे तिकडं होते. डोकं नव्हतं. मले झटका आला होता. तवापासून डाव्या अंगाचं माह्या ध्यानातच येत नाही. तुमी डावीकडं बसल्या होत्या."

बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. खोटं की खरं, हे त्या ठरवत होत्या.

"म्हणजे या बिमारीत असंच असते, असं नाही?"

"मारणं बिमारीनं होऊ शकते. पण ते तुमी सोसायचं, असं नाही. मी चूप बसलो त्याचा तो अर्थ नव्हता. मी चूप बसलो कारण मी पाह्यलंच नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला. मग विचारलं, "मंग तुमी इथं येता कशानं?"

"स्कूटरनं."

"अगं बाई. डावीकडचं दिसत नाही अन् स्कूटर चालवून राहिले?"

त्या आठवड्यात सुमेधने दोनदा त्यांच्याकडे चावी मागितली होती. एकदा ते म्हणाले, पाहू. दुसऱ्यांदा ते सुमेधला खोलीबाहेर जायला सांगून मोकळे झाले.

"यायच्या मोटरसायकलीची चाबी मी तांदळाच्या कोठीत लपवली," बाई म्हणाल्या. "रोज शोधते. शिव्या देते. देऊ दे. तुमच्या घरी कोणी नाही काय लपवणारं?"

"हाये ना. पण तिले मी म्हणलं, मी डॉक्टर आहो, मले समजते."

"हेही तेच म्हणते. मले समजते म्हणते." आणि त्यांनी तळहात पुढे केला. "आणा."

सर हसले नाहीत. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला, तिथे नव्हती. पॅंटच्या उजव्या खिशात पाहिलं. मग आठवून, डाव्या खिशात हात घालायला थोडा वेळ लागला. चावी काढून त्यांनी बाईंच्या हातावर ठेवली. बाईंनी ती मला दिली.

"ठेवा वं बाई. अन् मागितली तरी देऊ नका."

सर उठले. दार डावीकडे होतं. त्यांनी आधी पूर्ण मान वळवली, दार दिसेपर्यंत थांबले, आणि मग त्या दिशेने चालू लागले.